गर्दी, मान आणि रांग

‘गर्दी’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. मुळातला ‘गर्द’ म्हणजे धूळ. ‘गर्दीस मिळणे’ म्हणजे धुळीस मिळणे, नष्ट होणे. आणि बखरींतली ‘गर्दी’ पुष्कळदा कापाकापीची, दाणादाणीची असते. आज माणसांचा दाट समुदाय एवढ्याच अर्थाने आपण तो शब्द वापरतो. तरी त्यातले जुने भय पुरते गेलेले नाही. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास कोल्हापुरात उतरणाऱ्या पाहुण्याला हे दोन्ही अर्थ एकदमच भेटतात.

शहराच्या वायव्येस सुमारे १८ किलोमीटरवर वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाचे देऊळ आहे. आजचे मुख्य देऊळ राणोजी शिंदे यांनी १७३० साली बांधल्याचे सांगतात. शेजारचे केदारेश्वराचे देऊळ दौलतराव शिंद्यांचे, १८०८ मधले. चैत्र पौर्णिमेला इथे महाराष्ट्र-कर्नाटकातून लाखो माणसे येतात आणि दुसऱ्या दिवशी शहरात अंबाबाईचा रथोत्सव असतो. म्हणजे गर्दी एक, पण तिची मुक्कामाची ठिकाणे दोन. पंचगंगेचा घाट, महाद्वार रोड, भवानी मंडप यांना या दोन दिवसांत श्वास घ्यायला जागा उरत नाही.

इतकी माणसे त्या अरुंद माथ्यावर शतकानुशतके मावली कशी? पोलीस, अडथळे, ध्वनिक्षेपक हे सारे अलीकडचे. त्याआधीची व्यवस्था एका शब्दात होती : मान. गावोगावच्या सासनकाठ्या, म्हणजे निशाण बांधलेले उंच बांबू, ठरलेल्या क्रमाने मिरवणुकीत निघतात. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीचा, त्यामागे पाटण तालुक्यातल्या विहेचा, आणि पुढे इतरांचा. काठी दोऱ्यांनी तोलत, गुलाल-खोबरे झेलत पुढे सरकते. सायंकाळी देवाची पालखी यमाईच्या भेटीला जाते. या क्रमामुळे समुदायाला आपोआप एक बांधणी मिळते. प्रत्येक माणूस कोणत्या तरी गावाचा असतो, गावाची काठी असते, आणि काठीची जागा ठरलेली असते. चुकलेल्या पोराला डोक्यांवरून दिसणारी आपली काठी शोधता येते. तिथे जमतात ती गावे. सुटी माणसे नव्हेत.

एकोणिसाव्या शतकात या समुदायाकडे पाहणारी नवी नजर आली. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला आणि बैलगाडीच्या मुक्कामांनी जे अंतर तुटायचे ते काही तासांवर आले. गाडीच्या डब्यात मात्र गाव नसते, तिकीट असते. त्याच काळात पटकी आणि प्लेग यांच्या भयाने यात्रा म्हणजे रोगाचे आगर हा विचार राज्यकर्त्यांत बळावला. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारच्या हाती साथ रोखण्यासाठी व्यापक अधिकार दिले. यात्रेकरू आता मोजण्याची, तपासण्याची, अडवण्याची वस्तू झाला. यात सारी दडपशाहीच होती असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. अशुद्ध पाण्याने माणसे खरोखरच मरत होती.

आजचा पर्यटक या दुसऱ्या परंपरेचा वारस आहे. तो तिथी पाहून येत नाही, सुट्टी पाहून येतो. अंबाबाईच्या दारी त्याला मान नसतो, रांग असते. या रांगेविषयी कुरकुर करण्याआधी तिचे मोल ओळखावे. मान वंशपरंपरेने चालतो. तो कोणाला पुढे ठेवतो तसा कोणाला तरी कायमचा मागेही ठेवतो. रांग मात्र जात, गाव, घराणे विचारत नाही. आधी आला तो आधी, हे तत्त्व आपल्या देवळांच्या इतिहासात लहान नाही. म्हणून ओळखीने किंवा पैशाने रांग मोडणारा केवळ वेळ वाचवत नसतो. तो मानाची विषमता परत आणतो, आणि तीही मानाची जबाबदारी न घेता. मानकऱ्याला निदान काठी तरी पेलावी लागते.

मान आणि रांग दोन्ही कोसळतात तेव्हा ‘गर्दी’ आपल्या जुन्या अर्थाकडे परतते. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेला, वाईजवळच्या मांढरदेवीला चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक माणसे गेली. अरुंद चढण, निसरड्या पायऱ्या, दुतर्फा दुकाने. तिथे भक्तीत उणे काही नव्हते, वाट उणी होती. आणि २०२० च्या एप्रिलमध्ये करोनामुळे जोतिबाची चैत्र यात्रा भरलीच नाही. पुढच्या वर्षीही नाही. ज्या समुदायाला आपण सवयीने कंटाळतो त्याच्यावाचून डोंगर कसा असतो, ते तेव्हा कळले.

तेव्हा वसंतात कोल्हापूर पाहू इच्छिणाऱ्याने आधी पंचांग पाहावे. देवळाचे शिल्प निवांत न्याहाळायचे असेल तर पौर्णिमेचा आठवडा टाळावा. जायचेच असेल तर यात्रेकरू म्हणून जावे : वाहन खाली ठेवावे, पांढऱ्या कपड्यांची माया सोडावी, आणि काठी येताना दिसली की बाजूला व्हावे. तिच्यामागे एक आख्खे गाव चालत असते. घरी परतल्यावर कानामागे, वहीच्या पानांत गुलाल सापडत राहतो. फारसीतली ती धूळ अशीही आपल्यापर्यंत पोचते.