वॉचडॉग टायमर

वॉचडॉग टायमर म्हणजे गोठलेला संगणक आपोआप पुन्हा सुरू करणारी कालमापक यंत्रणा होय. राखण करणाऱ्या कुत्र्यावरून तिला हे नाव मिळाले. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, तिच्यासाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. संगणक रीबूट होताना किंवा सस्पेंड या निद्रावस्थेत जाताना या व्यवस्थेतील दोष अनेकदा उघडे पडतात.

तत्त्व

टायमर ठरलेल्या मुदतीपासून शून्याकडे मोजत जातो. चालू असलेली आज्ञावली अधूनमधून संकेत देऊन त्याची मोजणी नव्याने सुरू करते. संकेत थांबले की मुदत संपते आणि संगणक रीसेट होतो. रेल्वे इंजिनातील दक्षता नियंत्रण यंत्राचे तत्त्व असेच आहे. शहापूर तालुक्यातील कसाऱ्याहून घाट चढणाऱ्या गाडीच्या चालकाने ठरावीक काळ कोणतीही कळ हाताळली नाही, तर आधी दिवा व मग भोंगा इशारा देतो; तरीही प्रतिसाद न मिळाल्यास ब्रेक लागतात.

कर्नलमधील प्रकार

हार्डवेअर वॉचडॉग हे प्रोसेसरवर नजर ठेवणारे स्वतंत्र परिपथ असते. याखेरीज कर्नल स्वतःवरही पहारा ठेवतो. मूळ मांडणीनुसार एखादा प्रोसेसर सुमारे 20 सेकंद इतर कामांना वाव देत नसेल, तर त्यास सॉफ्ट लॉकअप म्हणतात. सुमारे 10 सेकंद इंटरप्टही हाताळले गेले नाहीत, तर तो हार्ड लॉकअप ठरतो.

बिघाडाची कारणे

रीबूट व सस्पेंड या दोन्ही वेळी उपकरणे क्रमाने बंद केली जातात. हा क्रम चुकल्यास पुढील प्रकारचे दोष उद्भवतात.

* ड्रायव्हरने उपकरणाचे क्लॉक बंद केल्यावरही संकेत देण्याचे काम चालू राहते आणि बंद उपकरणाशी संपर्क साधताना संगणक गोठतो.
* स्मृती मुक्त केली, पण टायमर रद्द केला नाही, तर टायमर मुक्त स्मृती वापरू पाहतो व कर्नल कोसळतो.
* सस्पेंडमध्ये संकेत देणारे कोणीच जागे नसते. तेव्हा हार्डवेअर वॉचडॉग चालूच राहिला, तर संगणक झोपेतच रीसेट होतो.

रीबूटच्या वेळी दिसणारा ‘वॉचडॉग डिड नॉट स्टॉप’ हा संदेश मात्र दर वेळी दोषाचा निदर्शक नसतो. बंद होण्याची प्रक्रिया अडकलीच तर उपाय असावा, म्हणून सिस्टमडी वॉचडॉग मुद्दाम चालू ठेवते.

दोषशोधन

रीसेट हे लक्षण असते, रोग नव्हे. शिवाय त्यामुळे पुरावाही पुसला जातो. म्हणून प्रथम नोंदी वाचवाव्या लागतात. रॅमूप्स ही सोय कर्नलचे अखेरचे संदेश रीबूटनंतरही टिकणाऱ्या स्मृतीत ठेवते. सिरियल कन्सोलवरील संदेश दुसऱ्या संगणकावर टिपता येतात.

त्यानंतर दोषाची पायरी शोधतात. ‘पीएम टेस्ट’ सुविधेत सस्पेंड प्रक्रिया फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स व कोअर यांपैकी निवडलेल्या पायरीपर्यंतच नेली जाते आणि काही सेकंदांनी संगणक पूर्ववत होतो. ज्या पायरीवर तो परतत नाही, तेथे दोष शोधावा. वॉचडॉग बंद ठेवूनही संगणक गोठत असेल, तर मूळ कारण बहुधा अन्यत्र असते.

उदाहरण

1997 मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार रीसेट होऊ लागला. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीवर घटनाक्रम नोंदवत तोच बिघाड घडवून आणला. दुय्यम कामाने अडवलेल्या साधनामुळे महत्त्वाचे काम खोळंबत होते. मांडणीतील बदल यानाकडे पाठवून तो दोष दूर करण्यात आला.