ह्यातलं काही हलतं का?

या भागाचं रेकॉर्डिंग ज्यांना ऐकता आलं नाही त्यांच्यासाठी हा मजकूर, जरा साफसूफ करून.

चिंचपोकळीतलं एक कुटुंब आहे. दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. यंदा इतिहासाला सुरुवात करायची म्हणून आईने त्यांना कुठे न्यावं? रायगड वगैरे लांबच्या गोष्टी. ती गेली एक स्टेशन पुढे, भायखळ्याला, राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात. मीही सोबत होतो.

हे संग्रहालय 1872 साली लोकांसाठी उघडलं, तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. नाना शंकरशेट आणि भाऊ दाजींनी त्यासाठी खटपट केली होती, 1975 साली त्याला भाऊंचं नाव मिळालं. बांधायला घेतलं तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिकडचा कापूस अडकलेला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस सोन्याच्या भावाने जात होता. 1865 ला युद्ध संपलं आणि फुगा फुटला.

मुलं रमली ती मातीच्या छोट्या माणसांपाशी. कुंभार, विणकर, नाना जातीजमातींचे लोक, प्रत्येकाचा वेश वेगळा, पगडीची घडीसुद्धा वेगळी. काचेमागे सगळे आपापल्या कामात थबकलेले. धाकटी दहा वर्षांची. तिने विचारलं, "ह्यातलं काही हलतं का?"

प्रश्न बरोबर आहे. स्वीडनमध्ये आर्तुर हाझेलिउस नावाच्या माणसाला असंच काहीतरी वाटलं असणार. त्याने 1891 साली स्टॉकहोमला 'स्कानसेन' उभं केलं. देशभरातली जुनी घरं उचलून आणली आणि त्यांत जुन्या पद्धतीने कामं करणारी माणसं ठेवली. जिवंत इतिहासाची संग्रहालयं म्हणतात ती परंपरा इथून फोफावली. आपल्याला जवळचं उदाहरण मात्र अमेरिकेतल्या लोवेलचं. तेही गिरणगावच. तिथल्या बूट मिलमध्ये आजही जुने साचे चालवून दाखवतात, आणि आत शिरताना पाहुण्यांच्या हातात कानात घालायचे बोळे देतात. आवाजच तेवढा असतो!

आपल्याकडे? 1854 साली कावसजी दावरांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मग साचे भंगारात गेले, जमिनींवर टॉवर आले. हे सगळ्यांना तोंडपाठ आहे, म्हणून मी त्यात शिरत नाही.

मला शिरायचंय ते धोट्यात. साच्यावर धोटा इकडून तिकडे धावतो, त्याच्या पोटात बाण्याच्या सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची, आणि सुताचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यायचं. एकच धोटा कितीतरी तोंडांना लागायचा. आणि म्हणूनच साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. पगार तिथे जास्त, आणि दार बंद. त्यांच्या वाट्याला त्रासन खातं, झाडलोट, असली कमी पगाराची कामं. 1928 च्या सार्वत्रिक संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. संपाच्या पुढाऱ्यांसमोरच लावून धरला, हे विसरू नये. बाबासाहेब तेव्हा राहायला कुठे होते? परळच्या बीआयटी चाळीत. गिरण्यांचे भोंगे घरात ऐकू येत असणार.

पुस्तकात हे एका ओळीत असतं: 'विणकाम विभागात प्रवेश नव्हता.' मूल वाचतं, पान उलटतं. का नव्हता ते कळायला धोटा हातात यावा लागतो.

त्यांच्या चाळीत खालच्या मजल्यावर एक काका राहतात, संपापर्यंत साचेखात्यात होते. संध्याकाळी मुलं त्यांच्याकडे गेली. काकांनी बॉलपेनची रिकामी नळी घेतली, आईच्या रिळाचा दोरा तिच्या तोंडाशी धरला आणि दुसऱ्या टोकाने जोरात आत ओढला. "जुने लोक असं करायचे," म्हणाले. मोठ्याने लगेच करून बघितलं. नळी हातातच धरून त्याने विचारलं, "पण ही आधी दुसऱ्याने तोंडात धरली असेल तर?" काका जरा थांबले. मग म्हणाले, "तेच तर."

त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग काकांनी तुटलेल्या सुताला मारायची विणकराची गाठ दाखवली. दोन बोटं, डोळ्याचं पातं लवायच्या आत. तीन वेळा हळू करून दाखवली तरी मला जमली नाही, धाकटीला चौथ्यांदा जमली.

काळाचौकीला इंडिया युनायटेडच्या जागेवर महापालिका वस्त्रोद्योग संग्रहालय करणार, हे कित्येक वर्षं ऐकतोय. तिथे कारंजं असो, रोषणाई असो, माझी तक्रार नाही. पण एक साचा चालता ठेवा, आणि तो चालवणारी माणसं आहेत तोवर त्यांचे हात शिकून घ्या. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला माणूस आज सत्तरीच्या आसपास आहे.

भायखळ्याला जाणार असाल तर एवढंच, बुधवारी संग्रहालय बंद असतं.