पहिला कारखाना

बारामती-इंदापूरकडच्या माणसाला ‘कारखाना’ म्हटले की ऊस, गाळप आणि पहिली उचल एवढेच आठवते. आपल्या तालुक्यात त्याहून लाखो वर्षे जुना कारखाना होता असे सांगितले, तर तो शांतपणे विचारील, ‘भाव काय देत होता?’

कारखाना मात्र खरेच होता. बारामती तालुक्यातल्या मोरगावला आपण मयूरेश्वराच्या दर्शनाला जातो आणि तसेच पुढे जेजुरी गाठतो. गावाजवळून कऱ्हा वाहते. म्हणजे तिला लहर आली तर वाहते. तिच्या काठच्या जुन्या थरांत डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दगडी हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेच्या फरश्या मिळाल्या. तिथेच ज्वालामुखीची राखही आहे, आणि तीही थेट सुमात्रातल्या टोबाची! तिच्या वयावरून विद्वानांत जुना वाद आहे. कुणी पाऊण लाख वर्षे म्हणतात. पण तिथल्या थरांतल्या लोहकणांची चुंबकीय दिशा उलटी आहे, आणि पृथ्वीचे चुंबक शेवटचे पालटले ते सुमारे 7,80,000 वर्षांपूर्वी. म्हणजे राख त्याच्याही आधीची, असे मोरगाववाल्यांचे म्हणणे.

हे कारागीर आपल्या जातीचे नव्हते. जात म्हणजे प्राणिशास्त्रातली. आपल्याकडे हे आधी सांगितलेले बरे. माल मात्र आपलाच, काळा पाषाण. पाट्याला टाकी लावणाऱ्याला विचारा तो किती चिवट असतो ते! हे लोक मोठा धोंडा निवडत, कडेला नेमक्या कोनात घाव घालत आणि तळहाताएवढी ढलपी उडवत. फरशीची गंमत अशी की तिची धार मागाहून घासून काढलेली नसते. ढलपी सुटतानाच ती तयार होते. म्हणजे घाव घालण्याआधीच धार डोक्यात हवी. इथे आम्हाला नारळ कुठे फोडावा हे तिसऱ्या घावानंतर कळते!

बरे, हे कागदावर लिहून ठेवायची सोय नव्हती. कुणाच्या तरी शेजारी बसून, बोटे ठेचून घेतच ते शिकावे लागले असणार. तरी आफ्रिकेत सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वी, चेन्नईजवळच्या अत्तिरंपाक्कमला पंधरा लाख वर्षांपूर्वी आणि आपल्या कऱ्हेकाठी, घडण तीच. आमच्या मिक्सरची हमी एका वर्षाची असते.

आता नदीकाठची वाळू नि मुरूम यंत्राने निघतो. लाखो वर्षांची ही नोंदवही एका दुपारी ट्रॉलीत भरून जाऊ शकते, आणि खडी म्हणून कुणाच्या तरी स्लॅबमध्ये पडू शकते. म्हणून मोरगावला गेलात तर पाच मिनिटे कऱ्हेकडेही बघा. हत्यारासारखे काही दिसले, तर तिथेच राहू द्या आणि जाणकाराला कळवा. दगड कोणत्या थरात होता यावरून त्याचे वय ठरते. घरच्या शोकेसमध्ये ठेवला, की तो पुन्हा नुसता दगड.