प्लेगची लस आणि लोकमत

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस हे मूळ गोव्याचे वैद्यक रोगी तपासीत असता त्यांना जी गाठ आढळली, ती प्लेगची होती. पाहता पाहता साथ शहरभर पसरली. लोकांनी बिऱ्हाडे हलविली. गिरण्यांतील कामगारांनी कोकणची आणि देशावरची वाट धरली. पुढच्या काही दशकांत या ग्रंथिक सन्निपाताने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. या संकटातच लशीविषयीचा तो वाद ऐरणीवर आला, जो आज सव्वाशे वर्षे लोटली तरी मिटलेला नाही. लस निर्धोक आहे काय, आणि ती घ्यावी की न घ्यावी हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे त्या वादातील दोन प्रश्न होत.

टोचून घेणे ही गोष्ट तेव्हा मुंबईला नवी नव्हती. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ती पहिली लस. ती बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने येथे पोहोचली होती. त्या काळी एका मुलाच्या दंडावरील फोडातील लस काढून ती दुसऱ्याच्या दंडात घालीत. सोवळेओवळे पाळणाऱ्या समाजाला हा प्रकार रुचणे कठीण होते. शिवाय देवी हा ज्यांच्या दृष्टीने केवळ रोग नसून मातेचे आगमन होते, त्यांना तो अधर्मच वाटला. १८७७ साली कायद्याने मुंबई शहरात बालकांना देवी टोचणे सक्तीचे झाले. सक्ती आली, पण तिच्यामागून खात्री येतेच असे नाही.

प्लेगच्या वेळी सरकारने वाल्देमार हाफकिन यांना मुंबईस पाचारण केले. ओदेसात जन्मलेला आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला हा शास्त्रज्ञ कॉलऱ्याच्या लशीचे प्रयोग करण्यासाठी १८९३ पासून या देशात होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत, मोजक्या मदतनिसांच्या साहाय्याने, त्यांनी अवघ्या काही महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यांना ताप आला, तो सोसून ते पुन्हा कामाला लागले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी आपण होऊन पुढे आले, त्यांना ती देण्यात आली. पुढे इस्माइली खोजांचे तरुण धर्मप्रमुख आगाखान यांनी आपल्या अनुयायांची भीती मोडावी म्हणून सर्वांदेखत टोचून घेतले. जे दुसऱ्याला सांगावयाचे ते आधी स्वतः करावे, हा त्यातील साधा अर्थ लोकांना कळला.

दुर्दैवाने त्याच वेळी सरकारचा दुसरा हात वेगळेच काही करीत होता. १८९७ च्या फेब्रुवारीत साथींच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यात रँडसाहेबांच्या अमलाखाली गोरे शिपाई घरोघर शिरू लागले. माजघर, देवघर, बायकांची अब्रू, कशाचाच मुलाहिजा राहिला नाही, असा आक्रोश उठला. त्याच मार्च महिन्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, आणि 'केसरी'तील लेखनाबद्दल टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. लस टोचून घेण्याची सक्ती नव्हती, हे खरे; परंतु ज्याच्या घरात संगीन शिरली होती, त्याने सुईकडे निःशंकपणे पाहावे, ही अपेक्षा अवाजवी होती. संगीन आणि सुई एकाच सरकारची होती.

लशीवरील सर्वांत मोठा घाव मात्र पंजाबात बसला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल या गावी १०७ जणांना टोचण्यात आले. त्यांतील १९ जण थोड्याच दिवसांत धनुर्वाताने दगावले. एकोणिसांनाही एकाच बाटलीतील लस दिली होती. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना अपाय झाला नाही. चौकशी मंडळाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. पुढे तपशील नीट पारखता दिसून आले की, गावात बूच काढण्याच्या वेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली. १९०७ साली ते दोषमुक्त ठरले. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले.

या प्रकरणाचा निष्कर्ष 'लस निर्दोष होती, लोक भ्याले ते अडाणीपणाने' एवढाच काढणे योग्य होणार नाही. एकोणीस माणसे मेली होती. लस निर्दोष असणे आणि ती देण्याची रीत निर्दोष असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि गावकऱ्याच्या दंडाला या दोहोंतील फरक कळत नाही. म्हणून त्याची शंका हा गुन्हा नव्हे. तिला उत्तर एकच: जे घडले त्याचा पूर्ण हिशेब, वेळेवर आणि उघडपणे देणे. मलकोवालच्या बाबतीत हा हिशेब लागण्यास पाच वर्षे लागली, आणि तेवढ्या काळात प्लेग थांबून राहिला नव्हता.

आता दुसरा प्रश्न, निवडीच्या अधिकाराचा. त्याचे उत्तर रोगागणिक बदलते. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे होतो. त्याची लस घेणारा प्रामुख्याने स्वतःचे रक्षण करतो, आणि तेही अपुरे. देवी किंवा गोवर यांची गोष्ट निराळी. ते माणसाकडून माणसाला होतात. म्हणून पुरेशा लोकांनी लस घेतली की रोगाला पुढे सरकण्यास वाटच उरत नाही. यालाच सामुदायिक प्रतिकारशक्ती म्हणतात. लस घेण्याइतके ज्याचे वय नाही असे तान्हे मूल, किंवा आजारपणामुळे जिला ती देता येत नाही अशी व्यक्ती, या दोघांना शेजाऱ्यांच्या लशीचे कवच मिळते. गोवरासारख्या अतिसंसर्गी रोगात हे कवच टिकण्यास शेकडा ९५ च्या आसपास लोक सुरक्षित असावे लागतात. येथे एकाच्या नकाराचा भार दुसऱ्याच्या लेकरावर पडतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी भागात गोवराची साथ आली आणि मुले दगावली, तेव्हा हे पुन्हा प्रत्ययास आले.

तथापि, समाजाचे हित मोठे म्हणून व्यक्तीचे शरीर सरकारजमा होत नाही. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविडच्या लशीसंबंधी निकाल देताना सांगितले की, कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी शासन निर्बंध घालू शकेल, पण ते प्रमाणशीर असले पाहिजेत. लशीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवावी, असेही न्यायालयाने बजावले. पुण्यातील आक्रोशाला आणि मलकोवालच्या शंकेला मिळालेले हे उशिराचे, पण न्याय्य उत्तर म्हणावे लागेल.

देवीचा रोग १९७५ साली भारतातून गेला आणि १९८० मध्ये जगातून नाहीसा झाल्याचे घोषित झाले. ते यश लशीचे होते. तसेच दारोदार हिंडून रोगी शोधणाऱ्या, त्याच्या भोवतालच्या घरांना समजावून टोचणी करणाऱ्या हजारो सामान्य कर्मचाऱ्यांचेही होते. दार ठोठावणाऱ्याला आत येऊ द्यावे की नाही, हे घरातला माणूस दारात उभा राहूनच ठरवितो. १८९७ च्या पुण्याने दाखविले की, दार फोडून आत शिरता येते, पण त्या घरात मग विश्वास राहत नाही. आणि विश्वासावाचून कोणतीही लस दंडापर्यंत पोहोचत नाही.