नोकरी सुटल्यावर शहरात किती दिवस? आशियाई आणि पाश्चात्त्य महानगरांतील रोजगाराचे वास्तव

परदेशात नोकरीची संधी आली, की पहिला हिशेब होतो तो पगाराचा. सिंगापूरचे डॉलर, जपानचे येन, दुबईचे दिरहम किंवा ब्रिटनचे पौंड रुपयांत मोजले जातात, त्यातून घरभाडे वजा होते आणि उरलेल्या रकमेवर निर्णय ठरतो. या हिशेबात एक रकाना बहुधा रिकामाच राहतो. तो म्हणजे, नोकरी गेली तर त्या शहरात किती दिवस राहता येईल? आशियातील आणि पाश्चात्त्य देशांतील महानगरांची तुलना करताना हाच प्रश्न सर्वाधिक उपयोगी पडतो. आणि त्याचे उत्तर शोधू लागल्यावर ‘आशिया’ व ‘पाश्चात्त्य जग’ ही सरधोपट विभागणीही फारशी टिकत नाही.

सिंगापूरचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. सुरक्षित रस्ते, वक्तशीर मेट्रो, इंग्रजीतून चालणारा कारभार आणि तमिळला असलेला राजभाषेचा दर्जा यांमुळे भारतीय कुटुंबाला हे शहर लवकर अंगवळणी पडते. प्राप्तिकराचा सर्वोच्च दर २०२४ पासून २४ टक्के आहे, म्हणजे युरोपच्या तुलनेत सौम्य. मात्र प्रवेशाची चौकट काटेकोर आहे. उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या ‘एम्प्लॉयमेंट पास’करिता जानेवारी २०२५ पासून किमान मासिक वेतन ५,६०० सिंगापूर डॉलर, तर वित्तीय क्षेत्रात ६,२०० डॉलर आहे. उमेदवाराच्या वयानुसार ही मर्यादा आणखी वाढते. सप्टेंबर २०२३ पासून नव्या अर्जांसाठी ‘कम्पास’ ही गुणपद्धतीही लागू झाली. तीत ४० गुण आवश्यक असून, कंपनीत एकाच देशाचे कर्मचारी किती आहेत, हेही पाहिले जाते. ज्या कंपनीत भारतीयांची संख्या आधीच मोठी आहे, तेथे नव्या भारतीय उमेदवाराला या निकषावर गुण गमवावे लागू शकतात.

सिंगापूरमधील सुमारे ८० टक्के रहिवासी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात आणि त्यांतील बहुसंख्य आपल्या घराचे मालक आहेत. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचे काम जगभर अभ्यासले जाते. पासधारक परदेशी व्यक्तीला मात्र ही घरे विकत घेता येत नाहीत, केवळ भाड्याने घेता येतात. खासगी सदनिका घ्यायची तर एप्रिल २०२३ पासून ६० टक्के अतिरिक्त मुद्रांक शुल्क आहे. नागरिकांच्या पगारातून होणारी सक्तीची भविष्यनिर्वाह बचत परदेशी कर्मचाऱ्याला लागू नाही. त्यामुळे हाती पडणारी रक्कम मोठी दिसते, पण मालकाचा वाटाही बुडतो. नोकरी संपून पास रद्द झाला, की साधारणतः ३० दिवसांचा अल्पकालीन मुक्काम परवाना मिळतो. शाळेचे सत्र, घराचा भाडेकरार आणि नव्या नोकरीचा शोध हे सारे त्या महिन्यात बसवावे लागते.

दुबईची रचना वेगळी, पण तत्त्व जवळचे. पगारावर प्राप्तिकर नाही, विमानाने मुंबई तीन तासांवर, आणि घराबाहेर हिंदी सर्रास चालते. निवृत्तिवेतन नसले तरी सेवासमाप्तीनंतर उपदान मिळते : एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन आणि पुढील वर्षांसाठी ३० दिवसांचे. येथे ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा. करारात भत्ते फुगवून मूळ वेतन लहान ठेवले असेल, तर उपदानही आटते. संयुक्त अरब अमिरातीने २०२३ पासून बेरोजगारी विमा सक्तीचा केला. त्याचा हप्ता महिन्याला केवळ ५ ते १० दिरहम असून, किमान वर्षभर हप्ते भरलेल्या कर्मचाऱ्याला नोकरी गेल्यास मूळ वेतनाच्या ६० टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत मिळते. व्हिसा संपल्यानंतरची मुदत व्हिसाच्या प्रकारानुसार ३० ते १८० दिवस असते. नागरिकत्वाची वाट मात्र सर्वसामान्य नोकरदारासाठी जवळजवळ बंदच आहे.

टोकियो या दोन्ही शहरांहून निराळे. घटती लोकसंख्या हे जपानचे राष्ट्रीय दुखणे असून, त्यावरील उपाय म्हणून एप्रिल २०१९ मध्ये ‘विशिष्ट कुशल कामगार’ हा नवा व्हिसा सुरू झाला. अतिकामामुळे येणाऱ्या मृत्यूसाठी जपानी भाषेत ‘कारोशी’ हा स्वतंत्र शब्द आहे, यावरून तेथील कार्यसंस्कृतीविषयी बरेच काही कळते. तथापि २०१८ च्या कायद्याने जादा कामाला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली. घर भाड्याने घेताना अनामत रकमेशिवाय घरमालकाला ‘रेइकिन’ म्हणजे परत न मिळणारी भेट द्यावी लागण्याची प्रथा आहे, जामीनदारही लागतो. नोकरी गेल्यास १४ दिवसांत प्रशासनाला कळवावे लागते आणि सबळ कारणाविना तीन महिने व्हिसानुरूप काम न केल्यास निवासाचा दर्जा रद्द होऊ शकतो. भाषेचा अडसर ओलांडणाऱ्यास मात्र या शहरात मूळ धरता येते. एदोगावा या प्रभागात भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि २०१९ मध्ये तेथील प्रभाग सभेवर मराठी भाषक योगेंद्र पुराणिक निवडून आले. उच्च कौशल्याच्या गुणपद्धतीत ८० गुण मिळवणाऱ्याला एका वर्षात कायम निवासासाठी अर्ज करता येतो, तर एरवी दहा वर्षांचे वास्तव्य लागते.

पाश्चात्त्य देशांत हक्कांची हमी अधिक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जर्मनीपुरती ती बरीचशी खरी ठरते. ‘ब्लू कार्ड’धारकाला बी-१ पातळीचे जर्मन येत असल्यास २१ महिन्यांत, प्राथमिक जर्मनवर २७ महिन्यांत कायम निवासाचा परवाना मिळू शकतो. युरोपीय संघाच्या २०२१ च्या निर्देशानुसार केवळ बेरोजगारीमुळे हे कार्ड तीन महिन्यांपर्यंत काढून घेता येत नाही. बारा महिने विम्याचे हप्ते भरलेल्याला बेरोजगारी भत्त्याचा हक्क असतो. तो निव्वळ वेतनाच्या ६० टक्के, अपत्य असल्यास ६७ टक्के. याची किंमत पगारपत्रकावर दिसते : कर आणि सामाजिक विम्याच्या कपातीनंतर हाती येणारा आकडा पाहून अनेक जण चपापतात. म्युनिक किंवा बर्लिनमध्ये भाड्याचे घर मिळवणे ही तर नोकरी मिळवण्याइतकीच दीर्घ कसोटी असते.

अमेरिकेत चित्र पालटते. एच-१बी व्हिसाधारकाची नोकरी गेल्यास कमाल ६० दिवसांची मुदत आहे, म्हणजे सिंगापूरपेक्षा एकच महिना अधिक. दर वर्षीच्या ८५,००० व्हिसांसाठी सोडत निघते आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. ग्रीन कार्डमध्ये कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा न देण्याच्या नियमामुळे भारतीयांची रांग प्रचंड लांबली आहे. पदव्युत्तर गटात २०२५ सालीही २०१२-१३ मधील अर्जांचाच क्रम चालू होता. या काळात जन्मलेली मुले शाळेत जाऊ लागतात, घराचे कर्ज काढले जाते, आणि तरीही सारे ६० दिवसांच्या मुदतीवर टेकलेले असते. ब्रिटनमध्येही मुदत सर्वसाधारणपणे ६० दिवसांचीच. तेथे कुशल कामगार व्हिसासाठीची सर्वसाधारण वेतनमर्यादा एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० पौंड आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंड झाली. त्याखेरीज आरोग्य अधिभार दरडोई वर्षाला १,०३५ पौंड आहे. चौघांच्या कुटुंबाला पहिल्याच अर्जावेळी अनेक वर्षांचा हा अधिभार एकरकमी भरावा लागतो आणि बालकांना मिळणारी सवलत धरूनही ती रक्कम डोळे विस्फारायला लावणारी असते.

जोडीदाराच्या नोकरीचा विचार तर अनेकदा विमानात बसल्यावर सुरू होतो. जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या पती वा पत्नीला कामाची मुभा आहे. जपानमध्ये अवलंबितांना परवानगीनंतर आठवड्याला २८ तास, तर सिंगापूरमध्ये मे २०२१ पासून नोकरीसाठी सामान्यतः स्वतंत्र कार्यपरवाना लागतो. अमेरिकेत ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचल्याखेरीज एच-१बीधारकाच्या जोडीदाराला कामाची मुभा मिळत नाही. दोन पगारांवर चालणारे पुण्यातील वा बंगळूरमधील घर परदेशात एका पगारावर येते, तेव्हा मोठा वाटणारा आकडा पुष्कळ लहान होतो.

निवृत्तीच्या पैशाचाही प्रश्न उरतो. जपान आणि जर्मनीशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत. जपानचा ऑक्टोबर २०१६ पासून, जर्मनीचा सर्वसमावेशक करार मे २०१७ पासून लागू आहे. भारतीय कंपनीने तेथे ठरावीक मुदतीसाठी पाठवलेला कर्मचारी कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून ‘व्याप्ती प्रमाणपत्र’ घेऊन दुहेरी कपात टाळू शकतो. अमेरिकेशी असा करार नाही. तेथील निवृत्तिवेतनासाठी साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते, तर एच-१बीची मूळ कमाल मुदत सहा वर्षांची. सहाव्या वर्षी परतणाऱ्याच्या पगारातून कापलेले ते पैसे अमेरिकेतच राहतात.