दुसऱ्या भाषेचा रकाना

गेल्या जूनमधली गोष्ट. संध्याकाळची वेळ. आमचे चिरंजीव नुकतेच ऑफिसातून परतले होते, सूनबाई स्वयंपाकघरात कणीक मळीत होत्या आणि आमचा नातू जेवणाच्या टेबलावर एक कागद पसरून मोठ्या विचारात बसला होता. शाळेकडून आलेला आठवीचा फॉर्म होता तो. त्यात एका ओळीत तीन चौकोन छापलेले: हिंदी, संस्कृत, संयुक्त हिंदी-संस्कृत. एकावर खूण करायची आणि खाली पालकांची सही. बस्स, एवढेच.

"संस्कृतच घे," चिरंजीव बूट काढता काढता म्हणाले. "पैकीच्या पैकी मार्क पडतात."

"मार्क पडतील, पण पुढं त्याचा उपयोग काय?" आतून आवाज आला.

नातवाने एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "आजोबा, तुम्ही काय घेतलं होतं?"

"घेतलं नव्हतं रे बाबा, मिळालं होतं," मी म्हणालो. "आमच्या वडिलांनी हेडमास्तरांना सांगितलं आणि हेडमास्तरांनी लिहून टाकलं. मला कळलं ते पुस्तकं हातात आल्यावर."

तो हसला, मीही हसलो. पण रात्री काही केल्या डोळा लागेना. पस्तीस वर्षे मी हायस्कुलात इतिहास शिकवला. असे फॉर्म किती मुलांना भरून दिले असतील याची गणती नाही. दुसऱ्यांचा इतिहास शिकवता शिकवता या कागदाचा इतिहास मात्र मी वर्गात कधी सांगितला नाही. तो यंदाच्या दिवाळीला सांगावा असे मनात आले. फराळाचे ताट जवळ असताना थोडे कडूही चालते. नरकचतुर्दशीला कारीट फोडून जिभेला लावणारी माणसे आपण!

तर वाचकहो, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली, आणि त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली १८५९ साली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. मॅट्रिक ही नावाला प्रवेशपरीक्षा, पण प्रत्यक्षात तो एक दरवाजा होता. त्याच्या अलीकडे सारा गाव, आणि पलीकडे कॉलेज, वकिली, मामलेदारी, नोकरी, पेन्शन. शाळेच्या शेवटच्या वर्षांत काय शिकायचे हे ठरत असे ते मुलाच्या आवडीवरून नव्हे, या दरवाजाच्या मापावरून.

इंग्रजी तर सर्वांनाच होते. निवड करायची ती 'दुसऱ्या भाषे'ची. इथे आपल्या मराठीची कथा मोठी विलक्षण आहे. आरंभीची काही वर्षे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात देशी भाषांना जागा होती. पुढे १८६०च्या दशकात वरच्या परीक्षांतून त्यांना रजा मिळाली आणि त्यांची जागा अभिजात भाषांनी घेतली. मराठीला विद्यापीठात पुन्हा आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत अपार खटपट केली. १९०१च्या जानेवारीत ते गेले. त्याच सुमारास एम.ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. घरची लेक चाळीस वर्षे ओसरीवर तिष्ठत उभी होती, म्हणाना.

तेव्हा दुसरी भाषा म्हणून मुलांसमोर मुख्यतः दोन नावे असत, संस्कृत आणि फारसी. कागदावर निवड मोकळी होती. पण कागद बोलत नाही, बोलतात माणसे.

याच शतकभरापूर्वीच्या मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात एक मुलगा शिकत होता. परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहायचा. वडील पलटणीतले निवृत्त सुभेदार. घरात भजने, अभंग आणि रामायण-महाभारताचे वाचन. या मुलाला संस्कृत शिकायचे होते. पण तो अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मला होता आणि संस्कृतच्या शिक्षकांनी त्याला शिकवायचे नाकारले. त्याच्या थोरल्या भावालाही हाच अनुभव आला होता. निरुपाय होऊन त्याने फारसी घेतली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. त्या मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांनी फारसीही मन लावून केली, कॉलेजातही तिचाच अभ्यास केला. संस्कृत मात्र त्यांना पुढे स्वतःच्या कष्टाने, मोठेपणी शिकावी लागली. १९४६ साली त्यांचा 'शूद्र पूर्वी कोण होते' हा शोधग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आहे की संस्कृतचे ज्ञान ही आपली उणीव आहे. मात्र तेवढ्यावरून कोणी आपला अधिकार नाकारू नये, कारण त्या भाषेतले बहुतेक वाङ्मय इंग्रजीत उपलब्ध आहे. मी ही प्रस्तावना प्रथम वाचली तेव्हा तिथेच थांबलो. शाळेच्या फॉर्मातला एक रकाना दुसऱ्या कोणी भरला, आणि त्याचा जाब जवळजवळ चाळीस वर्षांनी, जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेल्या माणसाला आपल्या ग्रंथाच्या आरंभी द्यावा लागला!

आता दुसरे चित्र पाहा. बाबासाहेब मॅट्रिक झाल्यानंतर पाचच वर्षांनी, १९१२ साली, कुलाबा जिल्ह्यातून आलेला एक मुलगा मॅट्रिकला सबंध विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतची 'जगन्नाथ शंकरशेट' शिष्यवृत्तीही त्यानेच पटकावली. हे चिंतामणराव देशमुख. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी अभ्यास केला तो वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांचा; पोट भरले ते आय.सी.एस.मध्ये, मान मिळवला तो रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून. आणि शाळेतले संस्कृत? ते फुकट गेले नाही. त्यांनी 'मेघदूता'चा मराठी अनुवाद केला. ज्याला दार उघडे असते त्याला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत असे सहज हिंडता येते.

१९५० साली देशमुख अर्थमंत्री झाले. कायदेमंत्री होते डॉ. आंबेडकर. १९५१ साली बाबासाहेबांनी राजीनामा देईपर्यंत दोघे एकाच मंत्रिमंडळात होते. संस्कृतची शिष्यवृत्ती मिळवलेला विद्यार्थी आणि ज्याला संस्कृतच्या वर्गातच घेतले नाही तो विद्यार्थी, एकाच टेबलाशी बसलेले! दोघांची बुद्धी असामान्य. फरक होता तो फॉर्म भरणाऱ्या हातात.

कोणी म्हणेल, ही झाली थोरामोठ्यांची गोष्ट. सामान्य पोरांचे काय? त्यांचाही विचार झाला होता. १८८२ साली हंटर आयोग आला. त्याच्यापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि शेतकऱ्याचे पोर निरक्षर राहते, हे त्यांनी ठणकावून सांगितले. प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध, हिशेब यांबरोबर शेतीचेही पाठ असावेत असे सुचवले. आयोगाने आपल्या परीने हायस्कुलाचे दोन मार्ग आखले. एक विद्यापीठाकडे जाणारा, दुसरा व्यापार-व्यवसायाकडे नेणारा. पण दुसऱ्या वाटेला माणसे फिरकेनात. का फिरकावे? सरकारी नोकरी आणि समाजातली पत, दोन्ही पहिल्या वाटेच्या टोकाला ठेवलेली! स्वातंत्र्यानंतर १९५२-५३च्या मुदलियार आयोगाने पुन्हा तोच प्रयत्न केला. बहुउद्देशीय शाळा काढा म्हणाले आणि विषयांचे सात गट सांगितले: मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला, गृहविज्ञान. पंगतीत सात पक्वान्ने मांडली खरी, पण आईबापांची नजर ज्या पानावर नोकरीचा लाडू वाढलेला त्याच पानावर!

आणि मुली? महर्षी कर्वे हे स्वतः फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले. मातृभाषेतून शिक्षण देऊन त्यांनी हजारो घरांची दारे उघडली, हे उपकार कोणी विसरू नयेत. त्या अभ्यासक्रमात गृहजीवनशास्त्राला आणि आरोग्याला मानाचे स्थान होते. त्या काळी ते पाऊल मोठेच होते. पण पुढे आमच्यासारख्या सामान्य मास्तरांनी त्यातले पाऊल विसरून सोय तेवढी उचलली. 'मुलींना काय करायचंय बीजगणित?' हे वाक्य आमच्या शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर रोज फिरत असे.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे.

साल १९७१. नोकरीला लागून मला एकच वर्ष झाले होते. तेव्हा एस.एस.सी. अकरावीची असे, आणि बीजगणित-भूमिती सोडून अंकगणितावर भागवण्याची सोय होती. शाळेचा निकाल वर राहावा म्हणून कच्च्या मुलांना, आणि मुलींना सरसकट, त्या सोयीकडे वळवण्याची आमच्याकडे रीत होती. माझ्या वर्गात एक मुलगी होती. गणितात कच्ची मुळीच नव्हती, जराशी हळू होती एवढेच. तिने फॉर्मावर बीजगणिताची खूण केली होती. मी ती खोडली. "अंकगणित घे, टक्के वाढतील," म्हणालो. वडिलांनी मान डोलावून सही केली. तीही गप्प राहिली. मला वाटले, मी तिचे कल्याण केले.

काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ती भेटली. केस पांढरे झालेले, हातात नातीचा हात. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "सर, मला सायन्सला जायचं होतं. बीजगणित नाही म्हणून कॉलेजात घेतलं नाही."

मी काय बोलणार?

"पण सर, मुलगी आठवीत गेली तेव्हा तिच्या पुस्तकावरून मी बीजगणित शिकले. रोज दुपारी, भांडी झाल्यावर." थोडे थांबून ती म्हणाली, "सोपं होतं हो, सर."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. संस्कृतच्या त्या शिक्षकाचा धडा वर्गात शिकवताना माझा आवाज चढत असे. त्याने जातीकडे पाहून दार लावले. मी मुलगी म्हणून आणि शाळेच्या निकालासाठी लावले. त्याच्याइतका मी दुष्ट नव्हतो, असे मी मनाला सांगतो. पण बंद दाराच्या बाहेर उभे राहणाऱ्याला कडी कोणत्या हेतूने लावली हे थोडेच दिसते?

पुढे कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशींतून दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला. १९७५ साली महाराष्ट्रात अकरावीची जुनी एस.एस.सी. आणि दहावीची नवी एस.एस.सी. अशा दोन तुकड्या एकाच वर्षी बाहेर पडल्या. काय गर्दी झाली होती कॉलेजांच्या दारात! नव्या दहावीत गणित आणि विज्ञान मुलामुलींना सारखेच आवश्यक झाले. माझ्या त्या विद्यार्थिनीला हा कायदा थोडा उशिरा आला. १९७७ साली बारावीची पहिली परीक्षा झाली, आणि निवडीची वेळ दहावीनंतर आली: सायन्स, कॉमर्स की आर्ट्स. जातीने आणि बापाच्या शब्दाने होणारी निवड आता टक्क्यांनी होऊ लागली. नव्वद टक्के मिळवून इतिहास घेणाऱ्या मुलाच्या घरी शेजारीपाजारी समाचाराला आल्यासारखे येतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला, विज्ञान आणि व्यवसायशिक्षण यांतल्या भिंती पाडण्याचा संकल्प सांगितला आहे. चांगलेच आहे. पण भिंती पाडल्या तरी फॉर्म राहणारच, आणि फॉर्म आहे तिथे पेनही कोणाच्या तरी हातात असणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातवाला जवळ बसवले. शेजारच्या मुलाकडून दोन्ही भाषांची आठवीची पुस्तके मागून आणली आणि म्हटले, "दोन्हीतलं थोडं थोडं वाच. मग तूच खूण कर. आम्ही कोणी बोलणार नाही." चिरंजीवांनी भुवया उंचावल्या, पण बोलले नाहीत.

त्याने संध्याकाळपर्यंत वेळ घेतला आणि हिंदीवर खूण केली.

"का रे?" न राहवून मी विचारलेच.

"माझा मित्र हिंदीत आहे," तो म्हणाला. "आणि गोष्टी चांगल्या आहेत."

चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. मला मात्र हसू आले. कारण लहानसे होते, पण त्याचे स्वतःचे होते. सही झाली.

सहामाहीत हिंदीला त्याला शंभरात एकाहत्तर मिळाले आहेत. संस्कृत घेतले असते तर किती मिळाले असते, हा हिशेब घरात अधूनमधून होतो. परवा अभ्यंगस्नानानंतर फराळाला बसलो असताना तोच मला म्हणाला, "आजोबा, सुट्टीत मला थोडं संस्कृत शिकवाल? परीक्षेसाठी नाही, असंच."

माझे संस्कृत गंजलेले आहे. पण भाऊबीज झाली की बसणार आहोत दोघे.