मिथेनपासून संश्लेषण वायू : धातू उत्प्रेरक

कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्या मिश्रणाला संश्लेषण वायू म्हणतात. अमोनिया, मिथेनॉल, कृत्रिम डिझेल आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांना लागणारा हायड्रोजन हे सारे या मिश्रणातून निघते. नैसर्गिक वायूतील मिथेन हा त्याचा प्रमुख कच्चा माल. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध अतिशय चिवट असतो आणि तो धातूच्या पृष्ठभागावर तुटतो. निकेल, कोबाल्ट, रुथेनियम, ऱ्होडियम, इरिडियम, प्लॅटिनम व पॅलॅडियम हे धातू हे काम करतात. कारखान्यांत मात्र जवळजवळ सर्वत्र निकेलच आढळते.

मिथेनची वाफेशी विक्रिया केल्यास एका रेणूमागे कार्बन मोनॉक्साइडचा एक व हायड्रोजनचे तीन रेणू मिळतात. तिला दर मोलमागे २०६ किलोजूल उष्णता पुरवावी लागते. वाफेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरल्यास (शुष्क पद्धत) दोन्ही वायू समप्रमाणात मिळतात, पण उष्णतेची मागणी २४७ किलोजूलवर जाते. अपुऱ्या ऑक्सिजनने केलेल्या अंशतः ज्वलनात उलट सुमारे ३६ किलोजूल उष्णता बाहेर पडते.

बीएएसएफ या जर्मन कंपनीने निकेल उत्प्रेरकावरील वाफेच्या पद्धतीची एकस्वे १९१० च्या दशकात घेतली. औद्योगिक प्रमाणावर ती १९३० च्या सुमारास अमेरिकेत, लुइझियानातील बॅटन रूज येथे सुरू झाली. शुष्क पद्धतीचा अभ्यास फिशर आणि ट्रॉप्श यांनी १९२८ मध्येच केला होता. महाराष्ट्रात अलिबागजवळच्या थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात अमोनियासाठी वाफेचीच पद्धत वापरतात.

कारखान्यातला उत्प्रेरक म्हणजे आरपार भोके असलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या चिनीमातीसारख्या गोट्या. त्यांत निकेल साधारण १० ते २० टक्के. बाकीचे आधारद्रव्य, म्हणजे अल्फा-ॲल्युमिना किंवा मॅग्नेशियम वा कॅल्शियम ॲल्युमिनेट. आधारद्रव्यात सिलिका चालत नाही, कारण तप्त वाफेबरोबर ती उडून जाते आणि पुढच्या बॉयलरच्या नळ्यांत साचते. गोट्या निकेल ऑक्साइडच्या रूपात येतात. नळ्यांत भरल्यावर हायड्रोजनने त्यांचे क्षपण करून धातू उघडा करतात. निकेल-क्रोमियमयुक्त पोलादाच्या या नळ्या दहा-बारा मीटर लांबीच्या असून भट्टीत उभ्या टांगलेल्या असतात. त्यांतून वायू ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला बाहेर पडतो.

येथे एक गोष्ट संशोधनपर लेखनात नेहमी झाकली जाते. भट्टीतील विक्रियेचा वेग बहुतांशी नळीच्या भिंतीतून आत शिरणाऱ्या उष्णतेवर ठरतो, धातूच्या क्रियाशीलतेवर कमी. गोटीचेही बाहेरचे पातळ कवचच काम करते. भोके पाडतात ती त्यामुळेच. म्हणून निकेलपेक्षा दुप्पट क्रियाशील धातू सापडला, तरी कारखान्याचे उत्पादन दुप्पट होणार नाही. उत्प्रेरकाची खरी परीक्षा टिकण्यात आहे.

त्याचा मुख्य शत्रू कार्बन. मिथेनमधून सुटलेला कार्बन निकेलमध्ये विरघळतो, कणाच्या दुसऱ्या बाजूने तंतूच्या रूपात बाहेर येतो आणि वाढताना निकेलचा कणच टोकावर उचलून नेतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असे टोकाला ठिपका असलेले केसासारखे तंतू दिसतात. त्यांच्या वाढीने गोटी फुटते आणि नळी चोंदते. भट्टीच्या झरोक्यातून पाहणाऱ्या ऑपरेटरला अशा नळीवर लालभडक पट्टे दिसतात : आत विक्रिया मंदावल्याने तेवढ्या भागाची उष्णता शोषली जात नसते. उपाय म्हणून एका कार्बन अणूमागे वाफेचे अडीच ते साडेतीन रेणू सोडतात, म्हणजे गणिताने लागते त्याहून कितीतरी जास्त. पोटॅशची जोडही उपयोगी पडते. शुष्क पद्धतीत वाफेची ही ढाल नसते.

दुसरा शत्रू गंधक. दहा लाखांत एखादा भाग गंधकही निकेल निकामी करू शकते. म्हणून वायू आधी झिंक ऑक्साइडवरून नेतात. शिवाय भट्टी थंड करताना निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड यांची सुमारे २०० अंशांखाली गाठ पडू द्यायची नसते, कारण त्यातून निकेल कार्बोनिल हा जहाल विषारी पदार्थ तयार होतो.

ऱ्होडियम व रुथेनियम यांत कार्बन फारसा विरघळत नाही, त्यामुळे तंतूंचा त्रास कमी. मात्र राजधातूंच्या क्रियाशीलतेच्या क्रमावर एकमत नाही. डेन्मार्कच्या टॉप्सो कंपनीचे रोस्ट्रप-नील्सन यांनी १९९३ मध्ये रुथेनियम व ऱ्होडियम यांना अग्रक्रम दिला. बर्कलीच्या वेई आणि इग्लेसिया यांच्या २००४ मधील मोजमापांत प्लॅटिनम पुढे निघाले. वेग कार्बन-हायड्रोजन बंध तुटण्यावर ठरतो, सोबत वाफ आहे की कार्बन डायऑक्साइड यावर नाही, हा त्यांचा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा. किमतीमुळे हे धातू मोठ्या भट्ट्यांत परवडत नाहीत. अंशतः ज्वलनात मात्र ऱ्होडियमचा ठसा उमटला : १९९३ मध्ये हिकमन व श्मिट यांनी काही मिलिसेकंदांच्या स्पर्शात संश्लेषण वायू मिळवून दाखवला. त्याच सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वसंत चौधरी आणि सहकाऱ्यांनी निकेल-कॅल्शियम ऑक्साइड उत्प्रेरक अभ्यासले. ऑक्सिजनच्या विक्रियेतून सुटणारी उष्णता त्याच ठिकाणी कार्बन डायऑक्साइडच्या किंवा वाफेच्या विक्रियेला पुरवायची, ही त्यांची दिशा होती.

शुष्क पद्धतीचा कार्बनचा प्रश्न सुटल्याचे दावे अनेकदा झाले आहेत. २०२० मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी मॅग्नेशियम ऑक्साइडच्या एकस्फटिकी कणांच्या कडांवर निकेल-मॉलिब्डेनमचे कण बसवून ८५० तासांहून अधिक काळ उत्प्रेरक चालवला. हे काम उत्तम आहे. पण ८५० तास म्हणजे जेमतेम पाच आठवडे, आणि वाफेच्या भट्टीतील निकेलच्या एका भरणीकडून काही वर्षांची सेवा अपेक्षित असते.